चष्मेवाल्यांचा नवा ड्रायव्हर

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर स्क्रू अर्धा फेरा फिरवणं हाच इलाज, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. चष्मा नाकावरून घसरतो? अर्धा फेरा. दार करकरतं? अर्धा फेरा. सून एकदा रुसली, तर त्यांनी तिचा मिक्सर उघडून ठेवला होता.

गोल्फमध्ये मात्र काही केल्या इलाज चालेना. चेंडू मारला की हवेत बाकदार वळण घेऊन उजवीकडच्या झाडीत. वर्षानुवर्षं हेच. त्यांचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, दातांचे डॉक्टर. दात उपटताना वापरतात त्याच मऊ आवाजात ते विचारायचे, "व्याहीबुवा, त्या झाडीत कोणी नातेवाईक राहतात का तुमचे?"

या रविवारी पैज लागली. हरणाऱ्यानं रात्री जेवताना दोन्ही घरांसमोर उभं राहून म्हणायचं, 'तुमचा खेळ माझ्यापेक्षा चांगला.' हे वाक्य चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि त्यांना ठसका लागला.

म्हणून ते नवा ड्रायव्हर घ्यायला निघाले. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची, गलेलठ्ठ डोक्याची काठी. दुकानात एक दांडगा तरुण ज्या काठीनं जाळी फाडत होता, तिलाच चष्मेवाल्यांनी हात घातला.

"ती नको, काका," दुकानातली मुलगी म्हणाली. "तुमचा फटका हळू आहे. काठीचं तोंड जरा तिरपं हवं, म्हणजे चेंडू उचलला जाईल. दांडाही लवचीक घ्या."

"म्हणजे म्हाताऱ्यांची काठी?"

"म्हणजे तुमची."

चष्मेवाले फणकारणार, तेवढ्यात तिनं पाना काढला आणि ते जागच्या जागी विरघळले. तिनं काठीच्या डोक्यातलं छोटं वजन दांड्याच्या बाजूला सरकवलं, तोंड किंचित आत वळवलं, स्क्रू आवळला. जमिनीवर आखलेल्या पट्ट्यांवर त्यांचे पाय ठेवायला लावले. "मारा आता." चेंडू सरळ समोरच्या जाळीच्या मध्यावर! चष्मेवाल्यांनी काठी नंतर उचलली, पाना आधी खिशात घातला.

रविवारी बायकोही सोबत आली. व्याह्यांचा पडलेला चेहरा तिला जवळून बघायचा होता. चष्मेवाल्यांनी पहिला फटका हाणला. चेंडू सुतासारखा सरळ गेला, तो डावीकडच्या तळ्यात. दुसऱ्या खड्ड्याला डावीकडच्या काटेरी झुडपात.

"नातेवाईकांनी घर बदललं वाटतं," दंतवैद्य म्हणाले.

चष्मेवाल्यांनी दातओठ खात खिशातून पाना काढला.

"अंहं! खेळ चालू असताना काठीला पाना लावायचा नाही. नियम आहे."

चष्मेवाले हातातल्या पान्याकडे बघत राहिले. समोर बिघाड, हातात पाना आणि फिरवायला बंदी! असा प्रसंग त्यांच्यावर कधीच आला नव्हता.

"अहो," बायको मैदानावरच्या छोट्या गाडीतून म्हणाली, "बिचाऱ्या काठीला कशाला छळताय? तुम्ही उभेच राहताय डावीकडे बघत."

आणि त्यांना दुकानातल्या पट्ट्या आठवल्या. चेंडू उजवीकडे पळतो म्हणून इतकी वर्षं ते हळूहळू डावीकडे सरकत, डावीकडचाच नेम धरून उभे राहत आले होते. काठी सुधारली होती. मालक तसाच राहिला होता.

"नाकासमोर बघा," बायको म्हणाली. आपल्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्मेवाले दिवसभर हेच सांगत.

त्यांनी पाना तिच्या ओंजळीत टाकला आणि पाय फिरवले. जेमतेम अर्धा फेरा म्हणा ना. चेंडू गेला, नाकासमोर गेला. मग तसाच जात राहिला. शेवटच्या खड्ड्याशी पोचेपर्यंत बरोबरी झाली. तिथं चष्मेवाल्यांचा चेंडू हिरवळीच्या मध्यावर उतरला, तो बघून दंतवैद्यांनी जरा जास्तच जोर लावला आणि त्यांचा चेंडू डुबुक्‌कन तळ्यात गेला.

"काय हो, पोहायला कोण गेलं?" चष्मेवाल्यांनी तोच मऊ आवाज काढून विचारलं.

रात्री ताटं वाढली गेली तेव्हा दंतवैद्य उभे राहिले. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसून घातला, कॉलर ताठ केली. दंतवैद्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हसून त्यांच्या बायकोपुढे हात जोडले.

"विहीणबाई, तुमचा खेळ माझ्यापेक्षा चांगला."

"हे चालणार नाही!" चष्मेवाले ताडकन उठले. "हे मला म्हणायचं ठरलं होतं!"

"बसा हो," बायको पोळी वाढत म्हणाली. "अर्धाच फेरा फिरवलाय त्यांनी."