मामांचं इस्टिमेट आणि माझं लग्न

चांद्याच्या शाळेत मी पोरांना इंग्रजी शिकवायचो, तेव्हा 'एस्टिमेट' हा शब्द आला की फळ्यावर त्याच्यापुढे 'अंदाज' लिहून मोकळा व्हायचो. पोरंही खूश, मीही खूश. पण माझं लग्न झालं त्या वर्षापासून मला तो शब्द एवढ्यावर सोडवेना. अंदाज काय, कोणीही बांधतो. आभाळाकडे पाहून बांधतो, भाताच्या पातेल्यात डोकावून बांधतो, आणि चुकला तर डोकं खाजवून गप्प बसतो. एस्टिमेट म्हणजे त्याच अंदाजाला कोट-टोपी घालून साहेबापुढे उभं करणं. मग त्याच्याशी वाद घालायची कोणाची टाप नसते. हा अर्थ मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही, मामांकडून शिकलो.

मामा म्हणजे आईचा भाऊ. वडील गेल्यावर आम्ही भांदकला त्यांच्याच घरी वाढलो. ते सडकेच्या कामावर मेस्त्री होते आणि साहेबांच्या तोंडचा हा शब्द त्यांच्या जिभेवर असा बसला होता की सडक सोडून बाकी सगळीकडे ते तो वापरायचे. पाऊस कधी उघडेल, फणस कधी पिकेल, शेजारणीला मुलगा होईल का मुलगी, सगळ्याचं इस्टिमेट. 'माझं इस्टिमेट सांगतो' म्हणून त्यांनी बोट वर केलं की घरात सगळे चूप. अन् ते चुकायचं, अहो, दरवेळी चुकायचं! पण मामांना त्याचं काही नाही. "इस्टिमेट चुकत नाई रे," ते म्हणत, "काम चुकते." असा माणूस. त्यांच्यावर रागावणं मला जन्मात जमलं नाही. फक्त त्या एका सकाळी थोडं जमलं.

मुलगी पाहायला गेलो तेही मामांच्याच इस्टिमेटावर. गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलात. सकाळच्या जेवणाला येतो म्हणून निरोप धाडला होता आणि पोचलो तेव्हा घरोघरी दिवे लागले होते. भात गार, भाजी गार, पाहुणे मात्र घामाघूम. मुलगी पाणी घेऊन आली. मामा म्हणाले, "जरासाच उशीर झाला जी." तिनं मान खाली घातली, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला तो मला दिसलाच. मी तिथेच गारद! परतताना मामा बैलांचं, रस्त्याचं, भाताचं काय काय बोलत होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

सोयरीक जुळली. पण एक गोष्ट कळली आणि झोप उडाली. तिच्या आत्याचा मुलगा त्याच गावात राहत होता, चांगला उंचपुरा, घरची भातशेती. त्याच्यासाठीही तिला मागणी घातली होती म्हणे. आमच्या भागात आतेभावाचा हक्क आधी मानतात. त्यात मुलीकडून निरोप आला: मुहूर्त सकाळचा, दिवस कासराभर वर आला की अक्षता पडणार, चुकवू नका. कासरा म्हणजे बैलाची दोरी. सूर्य आभाळात दोरीएवढा वर चढला की ती वेळ. आमच्याकडे लग्नं गोरज मुहूर्तावर, संध्याकाळची. सकाळचा मुहूर्त ऐकून जो तो मला हटकून सांगायचा, "पाह्य बाप्पा! वेळ चुकली तं मांडवातला दुसरा पोरगा उभा करतेत." दुसरा पोरगा कोण ते मला ठाऊक होतंच. 

मूल गावापर्यंत मोटारीनं आणि तिथून पोंभुर्ण्याला, असा आदल्या दिवशीचा प्रवास करून आम्ही मुक्काम केला. तिथे सासऱ्यांनी पाठवलेल्या बैलगाड्या उभ्या होत्या. पहाटेच निघालो. माझ्या अंगाला हळद, हातात लिंबू खोचलेली कट्यार, मांडीवर बाशिंग. मामा पुढे बसून म्हणाले, "माझं इस्टिमेट सांगतो. दिवस निघायच्या आत मांडवात."

थोडं उजाडलं तसं मी गाडीवानाला विचारलं, "भाऊ, किती राह्यलं?"

"आलंच नं जी," तो म्हणाला. "एका चिलमीची वाट."

झाडीत, म्हणजे आमच्या या जंगलभागात, अंतर असंच सांगतात. मैल, फर्लांग ते सरकारचं. इथे हाकेएवढं, बिडीएवढं, चिलमीएवढं. मामांनी ताबडतोब हिशेब केला. चिलीम ते स्वतः ओढत असत, चार झुरक्यांत विझवून खिशात टाकणारा घाईचा माणूस. "चिलीमभर?" ते खुशीत म्हणाले, "मंग तं वेळच वेळ हाय!" आणि पुढच्या नाल्यावर त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला खाली उतरवलं. तोंडं धुवा, शिदोरी सोडा, बैलांना पाणी दाखवा. मी म्हटलं, "मामाजी, उशीर होईल." ते म्हणाले, "तू गप राय. नवरदेवानं तोंड उघडू नये."

गाड्या पुन्हा जुंपल्या तेव्हा गाडीवानानं आपली चिलीम काढली. आता ती कशी? आधी तंबाखू मळली. मग गारगोटीवर ठिणगी पाडली, ती विझली, पुन्हा पाडली. मग एक झुरका घेऊन मागच्या गाडीवानाला दिली, त्यानं त्याच्या मागच्याला. चिलीम परत येईस्तोवर त्यानं बैलांना त्यांच्या आईबापाच्या गोष्टी सांगितल्या. तेव्हा मला कळलं की ज्या चिलमीवर मामांनी माझं लग्न तोललं होतं ती चिलीम ही नव्हे! आणि सूर्य तर मोहाच्या शेंड्यांवर येऊन बसला होता. कासराभर काय, त्याला बांधायला आता दोन कासरे लागले असते.

"भाऊ, हाका नं जरा!"

"आलंच जी."

माझा जीव टांगणीला, आणि हा बाप्पा गालात हसून राह्यला होता. बाशिंग काखेत मारलं, धोतर खोचलं आणि गाडीतून उडी टाकली. मामा मागून ओरडले, "अरे, हळदीच्या अंगानं एकटा जाऊ नये! भूत लागते!" म्हटलं लागू दे. आतेभाऊ लागण्यापेक्षा बरं.

अंगावर पिवळं धोतर, हातात कट्यार, आणि मी जंगलातून धावतोय. मोहफुलांच्या वासानं डोकं गरगरतंय. एका वळणावर मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या. मला पाहून त्यांच्या हातच्या टोपल्या हातातच राहिल्या.

"अवं माय! हा तं नवरदेव दिसते! कुठी पळून राह्यले जी?"

"लग्नाले!"

"कोनाच्या?"

"माझ्याच!"

त्या अशा हसल्या की झाडावरची उरलेली फुलंही पडली असतील. एक म्हातारी म्हणाली, "मंग घाई काऊन? लगन तं सांजच्याले हाय."

"सकाळी आहे! कासराभर दिवसाला!"

"आमाले सांजचं आवतन हाय बाप्पा. सकाळी असतं तं आमी इथी फुलं येचत बसलो असतो का?"

सकाळचं लग्न माझं, मग सांजचं कोणाचं? झालं! आपण चुकलो, मांडव दुसऱ्याला दिला, गावाला नवं आवतनही फिरलं. रडू यायला लागलं, खोटं कशाला सांगू. पण पाय थांबेनात. एकदा तिच्या तोंडाकडे पाहावं आणि मग काय व्हायचं ते होवो, एवढंच डोक्यात होतं.

घर दिसलं. दारात मांडव अर्धाच उभा. माझे होणारे सासरे शिडीवर चढून जांभळीच्या डहाळ्या टाकत होते आणि खालून त्या हातात देणारा उंचपुरा पोरगा, दुसरा कोण, तोच आतेभाऊ! मी कट्यार घेऊन अंगणात उभा, धापा टाकतोय. सासरे वरूनच म्हणाले, "अरे! तुमी एकटेच? गाड्या उलटल्या का जी?"

"मुहूर्त..." एवढंच मी म्हणालो.

शिडीवरचा माणूस इतका हसला की आतेभावाला शिडी धरावी लागली. खाली उतरून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मुहूर्त गोरजाचाच होता, पहिल्यापासून. पाहायला आलो तेव्हाचा आमचा उशीर पाहून त्यांच्या लेकीनंच सुचवलं होतं: बाबा, यांना सकाळची वेळ सांगा, म्हणजे संध्याकाळपर्यंत येतील. गाडीवानालाही बैल पळवू नको म्हणून सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात दारात घागर घेऊन तीच आली. केस ओले, तोंडाला हळद. मला पाहिलं आणि घागर तिथेच टेकवून आत पळाली.

आतेभावानं मला आपल्या घरी नेलं, विहिरीवर पाणी ओतून दिलं, आपलं कोरं धोतर नेसायला दिलं. त्याचं लग्न आधीच ठरलं होतं, दुसऱ्या गावच्या पोरीशी. भला माणूस! दुपार कलल्यावर गाड्या आल्या. मामा मिश्या पिळत उतरले आणि संध्याकाळचा मुहूर्त कळल्यावर म्हणाले, "पाह्य! म्हटलं नव्हतं, वेळच वेळ हाय!"

पण मला दिवसभर एकच घोर. ती काय म्हणत असेल? असा जंगलातून धापा टाकत, कट्यार नाचवत आलेला नवरा. मामापेक्षा येडा भाचा, असंच ना? गोरजाच्या वेळी पाटावर उभा राहिलो ते मान खाली घालून. अंतरपाट दूर झाला. बाया ओरडत होत्या, वाजंत्री वाजत होती. माळ घालायला ती पुढे झाली आणि माझ्या कानाशी, कोणाला ऐकू जाणार नाही असं बोलली.

"मामाचा उशीर मी हिशेबात धरला होता जी. तुमी असे धावत याल, हे नाई धरलं." आणि तिनं माळ घातली.