माळकरी व्याह्यांचे मासे

पुन्हा तेच ऐकायचंय? आयता चहा पुढं आला तेव्हाच ओळखलं मी. बरं, सांगतो. पण मधीच फिदीफिदी हसलात तर उठून जाईन!

दुष्काळाच्या आदलं साल. माझी लेक केडगावात दिलेली. तिचे सासरे वसंतराव पक्के माळकरी, आणि घरात काचेच्या पेटीत मासे! खायचे न्हाईत, तर पाळायचे कशाला? बघायला म्हणे! माणसाला उद्योग नसला की असं होतं.

सगळं घर लग्नाला पुण्याला निघालं, मी राखणीला. माशांना मी हातानं घातलं असतं की! पण व्याही म्हणाले, "नको पाव्हणं. तुमचा हात बैलांना चारायचा. चावीचं यंत्र निघालंय, आपोआप खाणं टाकतं. तुम्ही इंजिन खोलता, तेवढं निवडून आणा."

बैलांचा हात? लेकीच्या देखत?

दुकानात दोन यंत्रं. एकाचं भोक बारीक, एकाचं मोठं.

"बारीक न्या बाबा. माशाला चिमूटभर पुरतं," दुकानदार म्हणाला.

"व्याह्याच्या घरचे मासे हायेत! उपाशी मेले तर माझ्या लेकीला जन्मभर ऐकावं लागंल." मी मोठ्या भोकाचं उचललं. माझी हयात पेरणीच्या पाभरीमागं गेली. भोकातनं दाणा कसा पडतो, हे हा मला शिकवणार!

मंडळी स्टँडवर गेली. मी डबा भरला, चावी दिली. यंत्र फिरतंय, पडत काहीच न्हाई. पेरताना पाभर तुंबली की आमी काय करतो? बोटानं ढोसतो. ढोसलं.

सगळा डबा पाण्यात! पेटीत पिठलं झालं हो!

मासे वर येऊन आ वासायला लागले. मला वाटलं, अजून मागतायत. आणखी मूठभर टाकलं!

एक आडवा झाला, तेव्हा माझी तंतरली. चहाच्या गाळणीनं एकेक उचलला आणि पाण्याच्या माठात सोडला. पेटी अंगणात घासतोय, तोवर मंडळी दारात. एसटी चुकली! व्याही घामाघूम. तडक माठाकडं. तांब्या बुडवला, तोंडाला लावला...

"पाव्हणं! पाण्यात काय वळवळतंय?"

"गिळू नका! तुमचाच हाय!"

माळकरी माणूस, तीन वेळा आंघोळ केली. लेक पदरात तोंड घालून हसत होती. मासे मात्र सगळे जगले बरं का! पण त्याचं कौतुक कुणाला? आजही तिथं पंगत बसली की मी वाढायला घेऊ नये म्हणून भाताचं पातेलं माझ्यापासून लांब ठेवतात.

चारचौघांत व्याही बैलांचा हात म्हणाले. माफी मागायला नको? ती सोडून वर विचारतात, "खोटं होतं का?" व्हय, मीच खरं करून दाखवलं! तरी मागायलाच पायजे. ऐकताय ना, वसंतराव?