"इथे जात नाही" म्हणणाऱ्या काकू

मंडळी, डोकं अजून तापलंय, म्हणून आत्ताच लिहितेय.

आज दुपारी इथे परदेशात, आमच्या शहराच्या सिटी कौन्सिलमध्ये सुनावणी होती. भेदभावविरोधी नियमात 'जात' हा शब्द घालायचा की नाही, यावर. आमच्या शेजारच्या काकू माइकवर म्हणाल्या, "इथे जात कुणी पाळत नाही. हा आमच्या धर्मावर हल्ला आहे. उद्या आमच्या मुलांकडे ऑफिसात संशयानं बघतील."

मुलांची काळजी मला समजते. पण जात नाही? मी उठले आणि सांगितलं, की मी नागपूरची बौद्ध आहे आणि हे कळल्यापासून ऑफिसच्या टीममधले मराठी लोक मला लंचला बोलवत नाहीत.

बाहेर काकूंनी गाठलं. "इतकी वर्षं घरी येतेस, कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"आम्ही नाही गं मानत असलं काही. पण सगळ्यांसमोर धर्माची लाज काढलीस."

घरी पोचले तर त्यांचा मेसेज: "रविवारच्या पूजेला पुरणपोळ्या तू नको करूस. बाहेरून मागवते."

दर वर्षी त्यांच्या या पूजेला पोळ्या मीच करते, आणि काकू डबा भरून ठेवून घेतात.

नियम नको म्हणणाऱ्यांनो, मला एवढंच सांगा: कालपर्यंत चालणाऱ्या माझ्या पोळ्या आज कशानं बाटल्या?