मधोमध असलेलं टोक

ग्वाल्हेरहून सिरोंजला फिरायला कोणी जात नाही. जातोय म्हटलं की लोक विचारतात, काम काय? आमचं काम असं होतं की बाबांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, याचा निकाल लावायचा होता.

बाबा चौऱ्याऐंशीचे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी त्यांची स्मरणशक्ती तपासली. लहानपणी शाळा कुठं, या प्रश्नाला बाबांचं उत्तर, "सिरोंजला, राजस्थानात." त्यांचे मामा तिथं मास्तर होते आणि बाबा तीन वर्षं त्यांच्याकडे शिकले, हे घरात सगळ्यांना माहीत. पण सिरोंज आहे मध्य प्रदेशात, विदिशा जिल्ह्यात. डॉक्टरांनी मान डोलावून काहीतरी लिहिलं. घरी आल्यावर बाबांनी रागारागाने कागदावर नकाशा काढला. मध्य भारत नावाचं राज्य, त्याच्या पोटात एक बेट, आणि बेटावर ठसठशीत अक्षरांत 'टोंक'. जुन्या वळणाचे लोक टोकावर अनुस्वार देतात, त्यामुळे मीही ते टोकच वाचलं. "मधल्या गोळ्याला कोणी टोक म्हणतं का?" दादाने मला बाजूला घेऊन विचारलं. दादा पुण्याहून याचसाठी आला होता. त्याने रविवारची दोन तिकिटं काढली. बाबांनी पुण्याला जायचं आणि ग्वाल्हेरचं जयेंद्रगंजातलं घर बंद करायचं, असं ठरलं.

मी फोनवर शोधायला घेतलं तर बाबा भडकले. "फोनला विचारशील, मला नाही? मी मनाने बनवून नाही राहिलो. चल, दाखवतो." हट्टीपणा आमच्या घरात वारशाने येतो, म्हणून मीही म्हटलं, चला.

दादाला घरी ठेवून बाबा आणि मी शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. टॅक्सी दोन दिवसांची ठरवली, सात हजार आणि वर टोल. चालक रामवीर, मुरैन्याचा, बोलायला एकदम मोकळा. ग्वाल्हेर सोडण्याआधी इंदरगंजात गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी खाऊन घ्या. पुढे शिवपुरीपर्यंत चहाखेरीज काही धड मिळत नाही. शिवपुरी, मग गुना, रस्ता उत्तम. गुन्याला जेवून आरोनकडे वळलात की मात्र कंबर सांभाळा. मध्येच डांबर संपतं, मध्येच म्हशी रस्ता अडवतात. बाबा पुढच्या सीटवर ताठ बसून होते. उशी दिली ती त्यांनी मागे टाकली.

आरोन सोडल्यावर बाबा प्रत्येक पुलाला "हा नाही" म्हणत राहिले. पाचव्या-सहाव्या पुलाला मला खात्री वाटायला लागली की दादाचंच बरोबर आहे. मग एका कोरड्या नाल्यापाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. काठावर पंक्चरचं दुकान होतं. दुकानाचे म्हातारे मालक खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. बाबांनी त्यांना काही सुचवलं नाही. हा नाला काय आहे, एवढंच विचारलं.

"हद थी, बाबूजी," म्हातारे म्हणाले. "उस पार ग्वालियर वालों का नाका, इस पार टोंक."

"कौन सा टोंक?" मी विचारलं.

"टोंक रियासत, बेटा. नवाब का टोंक. सिरोंज उन्हीं का था. बाद में राजस्थान में गया, फिर इधर आ गया."

मी तिथंच खाटेच्या कडेला बसले. टोंक हे गावाचं आणि त्याच्या संस्थानाचं नाव होतं. संस्थानं विलीन झाली तेव्हा ग्वाल्हेर मध्य भारतात गेलं आणि टोंक राजस्थानात. टोंकचा दूरवरचा तुकडा म्हणून सिरोंजही त्याच्यामागे राजस्थानात गेलं. छप्पन साली राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा ते मध्य प्रदेशला मिळालं. बाबांच्या शाळेच्या नकाशात सिरोंज राजस्थानच्या बाहेर पडायचं, म्हणून कोपऱ्यात चौकट करून दाखवलेलं असायचं. हे सगळं बाबांनी नाल्यात उतरून, दोन्ही काठांकडे काठी दाखवत सांगितलं. मला फार लाज वाटली. रामवीर म्हणाला, "बाऊजी पास हो गए."

सिरोंजला संध्याकाळी पाचला पोचलो. बाजारात स्वच्छ लॉज आहे, खोली नऊशे. बाबा खुशीत होते, मामांचं घर दाखवतो म्हणाले. दोन गल्ल्या भराभर चालले, एका हिरव्या दाराशी थांबले आणि कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंना त्यांनी मराठीत विचारलं, "मामा आले का शाळेतून?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मामी, तुम्ही जा आत." बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ओट्यावर चटई टाकली आणि पाणी आणलं. बाबा पाणी प्याले. अर्ध्या तासाने मला नावाने हाक मारून म्हणाले, "चल, भूक लागली."

रात्री मी पक्कं ठरवलं, दादाला नाल्याचं सांगायचं, दाराचं नाही.

शनिवारी दुपारी घरी पोचलो. पुढच्या खोलीत बाबांची बॅग भरून ठेवलेली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: नाला, नवाब, टोंक. दादाने नकाशा पुन्हा हातात घेऊन पाहिला आणि तो म्हणाला, "मी चुकलो, बाबा."

"तिला पूर्ण सांगू दे," बाबा म्हणाले. मी गप्प राहिले. मग त्यांनीच सांगितलं. आपण कोणाचं तरी दार वाजवलं, मुलीला मामी म्हटलं, आणि ते आपल्याला परतताना गुन्याजवळ आठवलं. "नकाशा सही आहे. मला भूल पडून राहिली, हे पण सही आहे."

खड्डे, म्हशी, बेडई हे सगळं एव्हाना पुसट झालंय. राहिलाय तो दादाने त्यानंतर विचारलेला प्रश्न. डॉक्टर झाले, तिकिटं झाली, बॅगही भरून झाली, पण तो तोवर आम्हा दोघांपैकी कोणीच विचारला नव्हता.

"बाबा, तुम्हाला कुठं राहायचंय?"

"इथं," बाबा म्हणाले. "आणि इथं म्हणजे कुठं, हे मला समजेनासं होईल, तेव्हा पुण्याला न्या. तेव्हा मला विचारू नका."