कबुतरखान्याचं दार

इजिप्तच्या दुम्यात गावात एकेकाळी अशी कुजबूज होती, की हातांवर उपचार करणाऱ्या इब्तिसामनं सख्ख्या आईला गच्चीवरच्या कबुतरखान्यात कोंडलं, तेही शुक्रवारी, ऐन जेवणाच्या वेळी. शेजारच्या सित्त नवालनं, म्हणजे नवालबाईनं, त्यात पदरचा मीठमसाला घातला. आई म्हणे आत रडत होती आणि ही कार्टी खाली बदक झोडत होती. आमचं गाव कंजूष म्हणून साऱ्या मिसरात बदनाम. पण असल्या बातम्या मात्र आम्ही सढळ हातानं वाटतो.

इब्तिसाम म्हणजे हसू. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला. पोरगी चिडकी, आणि चिडायला तिला कारणही होतं.

तिचे वडील उस्ता बदीर म्हणजे नक्षीकामातले वस्ताद सुतार. त्यांनी कोरलेलं द्राक्षाचं पान आता हलेल असं वाटायचं. ती लहान असताना मशीनच्या करवतीनं त्यांच्या उजव्या तळहाताच्या कंडरा, म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या, कापल्या गेल्या. डॉक्टरांनी त्या नीट शिवल्या. मग घरानं हाताची सेवा मांडली. हात उशीवर, आणि डाव्या हातानं जेवणं शोभत नाही म्हणून आई घास भरवणार. "तुम्ही हलवू नका हो, मी आहे ना." त्या मायेत बोटं जी आखडली ती कायमची. पुढं उस्ता कॉफीच्या दुकानात डाव्या हातानं डॉमिनो खेळायचे, उजवा झग्याच्या खिशात. लोक म्हणाले, नशीब.

इब्तिसामही तेच म्हणायची. कैरोला ती ऑक्युपेशनल थेरपी शिकली आणि अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्यांना सदरा घालायला शिकवू लागली. एकदा हातांच्या विभागातली बाई रजेवर गेली, म्हणून हिला तिथं बसवलं. एका विणकराच्या शिवलेल्या कंडरा, स्प्लिंटमधल्या, म्हणजे आधाराच्या साच्यातल्या, हाताची बोटं हलकेच हलवत, मोकळ्या ठेवायच्या होत्या. नाही हलवलं तर त्या आजूबाजूला चिकटतात. लाकूड सरसानं कसं जखडतं, हे सुताराच्या पोरीला कुणी सांगायला नको. नशिबाचा काही संबंधच नव्हता, हे तिला त्या खुर्चीवर कळलं. पुढचं सगळं शिक्षण तिनं हातांचंच घेतलं, आणि घेतलं ते रागानं.

सुट्टीत घरी आल्या आल्या ती म्हणाली, "आई, बाबांचा हात करवतीनं नाही गेला. तुझ्या घासांनी गेला."

आईनं ताटं उचलली आणि ती आत गेली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

गावात इब्तिसामनं दवाखाना थाटला. डबा घेऊन भरवायला आलेल्या आयाबायांना ती दारातूनच हाकलायची.

"अगं ताई, उपाशी राहील ना पोरगं."

"राहू दे. भूक लागली की बोटं शिकतात."

आणि मग करवतीनं तिच्या धाकट्या भावाला, सुतारकीच करणाऱ्या रागिबला धरलं. हात तोच, कंडरा त्याच. गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा वळवून इब्तिसामनं स्वतः त्याचा स्प्लिंट बनवला, डोळ्यात तेल घालून बोटं हलवून घेतली. स्प्लिंट निघाला. डॉक्टर म्हणाले, आता चमचा धरू दे. पण रागिबचा हात थरथरायचा, आईचा घास आधीच तोंडाशी यायचा, आणि हा लाडोबा तोंड उघडायचा. बोटं आखडायचा हट्ट धरू लागली होती.

त्या शुक्रवारी कांदा भरलेलं बदक होतं. रागिबनं चमचा उचलला, भात सांडला. आईचा हात पुढं झाला. इब्तिसामनं तिचं मनगट धरलं.

"हात मागे घे."

"माझं पोर आहे ते."

"बाबाही तुझेच होते."

उस्ता बदीर समोरच बसले होते, उजवा हात खिशात. आईनं त्या खिशाकडं पाहिलं, उठली आणि जिना चढून गेली.

रागिबनं चमचा आपटला. "झालं समाधान? तू बहीण आहेस की मुकादम?"

"मुकादम. उचल. उजव्यानं."

त्यानं तिला शिव्या घातल्या, तिनंही चार परत केल्या. सगळ्या गल्लीनं ऐकल्या. पण चमचा उचलला गेला. अर्धा भात चटईवर, अर्धा पोटात, आणि शेवटी ताट त्यानंच पुसून खाल्लं. मग इब्तिसाम आईला बोलवायला वर गेली.

कबुतरखान्याच्या दाराला बाहेरून कडी नाही. आई स्वतःच आत गेली होती आणि रागिबचं जेवण होईपर्यंत तिनं दार आतून ओढून धरलं होतं.