धारवाला

दारूबंदीच्या काळात लालबागला आमच्या चाळीखाली एक धारवाला यायचा. ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेल्या भिंतीशी चाक फिरवायचा आणि धार स्वतःच्या नखावर पाहायचा. एकदा माझी कात्री परत देताना हळूच म्हणाला, “वहिनी, उद्या नाक्यावर जाऊ नका. हातभट्टीवाल्या दोन्ही टोळ्या आज माझ्याकडून सुऱ्यांना धार लावून घेऊन गेल्या.”

“भांडण कशावरून?”

“भांडण कसलं? उद्या गिरणीचा पगार. नाका ज्याचा, गिऱ्हाईक त्याचं.”

दुसऱ्या दिवशी नाक्यावर एकाचा मुडदा पडला.

तिसऱ्या दिवशी धारवाला हजर. ओल्या फडक्यानं चाक पुसत म्हणाला, “तुमची विळी राहिली होती ना? आणा. आता पुढच्या पगारापर्यंत घरचीच कामं.”

विळी माझ्या हातातच होती. मी तशीच घरात गेले आणि पुढं कितीतरी वर्षं बोथट विळीवरच मासळी कापली.