शिक्क्यावरची तारीख

आमच्या घरात वाचायला शिकलेला पहिला माणूस मी आणि शेवटचा माणूस माझी आई. मधल्या काळात वडील गेले. निमगाव केतकीला आमच्या शेताच्या बांधावर त्यांची समाधी बांधली आणि तिच्यावर संगमरवराची पाटी बसवली. वर कमानीत वडिलांचं पूर्ण नाव, खाली ते गेले ती तारीख. पुढं गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले आणि आई तिथं जायला लागली, पण तिचं खरं पुस्तक म्हणजे ही समाधी. दिवा लावायला जायची आणि बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसायची. आयुष्यात तिनं पहिल्यांदा काही सबंध वाचलं असेल तर ते हेच.

त्याच सुमारास मला नोटरीची सनद मिळाली. मी इंदापूरच्या कोर्टात वकिली करायचो. नोटरी म्हणजे लोकांच्या प्रतिज्ञापत्रांवर आणि करारांवर 'ही सही माझ्यासमोर झाली' म्हणून शिक्का मारणारा. काम साधं, पण गोल शिक्का हातात आला की माणूस उगाच स्वतःला सरकार समजायला लागतो. मीही समजायला लागलो. शिक्का बारामतीला स्टँडजवळच्या दुकानात करून घेतला. बाकीचे वकील इंग्रजीत करायचे, मी हट्टानं मराठीत केला. वर कमानीत माझं पूर्ण नाव आणि खाली सनद ज्या दिवशी संपणार ती तारीख.

घरी आल्यावर कौतुकानं कोऱ्या कागदावर ठसा उमटवला आणि आईला म्हटलं, वाच. तिनं बोट फिरवत नाव वाचलं, मग तारीख वाचली आणि कागद हळूच खाली ठेवला. ही तारीख कुणी लिहिली, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सरकारनं.

"सरकारला कसं कळलं?" ती म्हणाली.

मला वाटलं तिला सनदेबद्दल विचारायचंय. मी सगळा कायदा समजावून सांगितला. वकिलाला बोलायला निमित्तच लागतं.

ती काय समजली होती ते मला काही वर्षांनी, तारीख जवळ आल्यावर कळलं. आई मला नवा शर्ट शिवू देईना. पुढच्या सुगीची गोष्ट माझ्यासमोर काढीना. मी जेवायला बसलो की समोर बसून माझ्याकडं बघत राहायची. त्या बघण्यात लाड नव्हता. गाडीत बसलेल्या पाहुण्याकडं बघतात तशी ती बघायची. शेवटी बायकोनं सांगितलं, आत्याबाईंना वाटतंय ती तुमची जायची तारीख आहे, मामंजींच्या पाटीवर आहे तशी.

मी आधी हसलो, मग चिडलो. आईला समोर बसवून सनद दाखवली, मुदतवाढीचा अर्ज दाखवला. म्हटलं, संपायचं ते या कागदाचं, माझं नाही. तिनं मान हलवली. आमच्याकडं मान हलवली म्हणजे पटलं असं नसतं, आता तू गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ.

मुदतवाढ वेळेत आली नाही. मुंबईचा कागद, तो आपल्या सवडीनं येणार. शिक्क्यावरची तारीख उजाडली तो रविवार होता. मी मागं गोठ्यात गव्हाणीची फळी ठोकत होतो आणि आई सकाळपासून उंबऱ्यावर बसून होती. दुपारी पुढून एका पुरुषाचा आवाज आला. तो माझं नाव विचारत होता, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शिक्क्यावर होतं तसंच. गावात मला त्या नावानं कुणीच हाक मारत नव्हतं. सगळ्यांचा मी वकील.

आईचा आवाज शांत होता.

"तो गेला. लई दिस झालं त्याला जाऊन."

"बरं. मग येतो पुन्हा," तो माणूस म्हणाला.

मी हातोडी टाकून धावत पुढं आलो. आईनं दारात हात आडवा धरला होता. मी तो बाजूला करून रस्त्यावर गेलो, तर रस्ता मोकळा. आमच्या दारापुढं तेव्हा कांदा काढलेलं उघडं रान होतं, ससा पळाला तरी दिसावा असं. माणूस नव्हता. गाडीचा आवाजही आला नव्हता. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला विचारलं, तर एसटीतून कुणी परका उतरलाच नाही म्हणाला. कुणी पक्षकार असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि आलेलं काम घालवलं म्हणून आईवर ओरडलो. पण त्यानंतर कोर्टात त्या कामासाठी कुणीच आलं नाही. मी बरेच दिवस वाट पाहिली. कुणीतरी यावं असं मला मनापासून वाटत होतं.

मग मुदतवाढ आली. मी बारामतीहून नव्या तारखेचा शिक्का करून आणला. जुना तसाच ठेवून चालत नाही, म्हणून ओट्यावर बसून ब्लेडनं त्याचं रबर कापलं. आई बघत होती. माझं झाल्यावर तिनं नवा शिक्का मागून घेतला, शाईच्या पॅडवर दाबला आणि आपल्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला उमटवला. पोरखेळ म्हणून मी लक्ष दिलं नाही. तो बाजाराचा दिवस होता. संध्याकाळी आई परत आली तेव्हा हात सुजलेला होता. बाजारातल्या गोंदणारणीकडून तिनं तो ठसा गिरवून घेतला होता. माझं पूर्ण नाव, खाली तारीख.

"पुन्हा येतो म्हणाला न्हवं का तो?" ती म्हणाली. "आला की हात म्होरं करीन. नाव हाय, तारीख हाय. ज्याच्या अंगावर लिवलंय त्यालाच न्ह्यायचं."

मी तिच्यावर पुन्हा कधी ओरडलो नाही. कोर्टात दिवसभर मी तोच ठसा उमटवायचो आणि प्रत्येक वेळी मला तिचा हात आठवायचा. कधीकधी शिक्का उचलताना कागद बोटांना कोमट लागायचा. इतरांना सांगावं तर वकील खुळावला म्हणाले असते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आता ती तारीख तिची झाली होती, आणि ती मीच बारामतीहून करून आणली होती.

दुसरी तारीख आली तेव्हा मी कोर्टात गेलो नाही. आईच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. तिनं डावा हात मांडीवर उताणा ठेवला होता, रस्त्यावरून येणाऱ्याला वाचता यावा असा. येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी लांबूनच ओळखायला बघत होतो. ओळखीचा निघाला की श्वास सोडत होतो. शेरडं परतली, दिवेलागण झाली. कुणी आलं नाही.

"आला न्हाय," आई म्हणाली. तिचा आवाज गाडी चुकलेल्या माणसासारखा होता. मग तिनं उजवा हात पुढं केला आणि नवा शिक्का कधी करायचा, असं विचारलं.

मुदतवाढीचा अर्ज मी भरून ठेवला होता, पाठवला मात्र नव्हता. त्या उजव्या हाताकडं बघितलं आणि माझं ठरलं. घरात जाऊन अर्ज फाडला, शिक्क्याचं रबर तिच्यासमोर कापलं. तिला म्हटलं, आये, नोटरीचं काम मी सोडलं. आता नवा शिक्का नाही आणि तारीखही नाही. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. वाटलं, आता ती हसेल.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

"तारीखच न्हाय?" ती म्हणाली. "मग तो कवा बी यील."

दुसऱ्या दिवसापासून ती हात उताणा ठेवून रोज उंबऱ्यावर बसायला लागली.